वखारीची कडी

मी गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. धुळ्यात देवपुरात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, दिपमाला मॅडमच्या नादी लागू नका असंच म्हणतील. दिवसा शाळेत मराठी शिकवते आणि शाळा सुटली की एका केबल चॅनलच्या मालिकेसाठी बाई कोंडते. म्हणजे लिहिते. 'काळवखार' पाहिली असेल तुम्ही. केळीच्या वखारीत कोंडलेली सून, दाराखालून येणारा धूर, भिंतीवर हलणारी सावली, आणि दर शनिवारी दारापर्यंत येऊन परत फिरणारा कुणीतरी.

ती बाई इतके महिने आत जगते कशी, खाते काय, असले प्रश्न आमचे प्रेक्षक विचारत नाहीत. ते एकच विचारतात, दार कधी उघडणार? आमचा डायरेक्टर स्वप्नील, नाटकात वाढलेला पोरगा, या प्रकाराला 'हुकलं' म्हणतो. "मॅडम, या शनिवारचं हुकलं काय?" असा त्याचा फोन येतो. सोडवणारा आला पाहिजे, त्याचा हात कडीला लागला पाहिजे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होऊन तो परत गेला पाहिजे. कधी दिवे जातात, कधी साप निघतो. मी इतक्या वेळा हुकवलं की एसटीत बायका माझ्यादेखत लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या, आणि मी मुकाट्यानं तिकीट काढायचे.

हे हुकवणं मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. माझी बहीण अशीच मेली.

नूतन माझ्याहून धाकटी. चोपड्याकडच्या एका गावात दिली होती, चुडामण आबांच्या घरी. केळीचं मोठं काम, स्वतःची वखार, माणसांचा राबता. नवरा जितेंद्र, आबांचा मुलगा. पोरगी झाली, डिंपल, आणि ती बोलायला लागली तोवर नूतनला कळलं की जितेंद्रनं सुरतला दुसरं घर थाटलंय. ती रडत माहेरी आली नाही. आमच्या घरच्या बायका रडत नाहीत, भांडतात. तिनं सासऱ्याला तोंडावर सांगितलं की कानबाईला बठ्ठी, म्हणजे सगळी, भाऊबंदकी जमते ना, तेव्हा सगळ्यांसमोर बोलते.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. कुळातल्या बाप्यांच्या नावानं मुठीमुठीनं गहू घेऊन दळतात, त्याचा रोट करतात, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला त्यातला घास नाही. कुळात कुणी मेलं, सुतक लागलं, की ना कानबाई, ना रोट, बसलेली देवीसुद्धा उठवावी लागते. सुतकात रोट खाल्ला तर कुळाला लागतो असं आमच्याकडे म्हातारे-कोतारे सांगतात, आणि तरणेही मानतात.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या कानबाईला नूतन वखारीत गुदमरून मेली. आत केळीचे घड रचलेले, ते पिकावेत म्हणून धूर कोंडलेला, दाराला बाहेरून कडी. घरच्यांनी सांगितलं, सोमवारी देवी नदीवर पोचवून आलो तेव्हा सापडली, कुणा मजुरानं न बघता कडी घातली असेल. कागदोपत्री तो अपघात झाला. गावात मात्र त्यांनी वेगळंच सोडलं. सुनेचं कुणा ट्रकवाल्याशी होतं म्हणे, त्याच्याबरोबर पळायचं म्हणून ती वखारीत लपली आणि आपल्या करणीनं मेली. मेलेल्या बाईवर काहीही घाला, ती थोडीच उठून उत्तर द्यायला येते!

डिंपल त्यांच्याकडेच राहिली. आम्हाला भेटू देत नसत. मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला एका लग्नात मला दिसली. आठ वर्षांची झालेली, नूतनसारखीच मान तिरकी करून बघणारी. मी तिला मांडवाच्या कडेला नेऊन कुशीत घेतलं तर तिनं हळूच विचारलं, "मावशी, आई मला सोडून पळून चालली होती ना?"

मी नाही म्हणाले. शपथ घेतली. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. ज्या घरात जेवते-झोपते तिथं जे ऐकते ते तिला खरं वाटणार, सटीसहामाशी दिसणाऱ्या मावशीचं का वाटावं? माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हापासून उतरली नाही. या पोरीला तिची आई परत द्यायची, आणि ज्यानं नेली त्याच्याच तोंडून द्यायची, हे मी त्या मांडवात ठरवलं.

दिवाळीनंतर रस्ता दिसला. आबांची विधवा बहीण, बेबाबाई, त्याच घरात राहायची. शेवटच्या दुखण्यात तिला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. तिनं नर्सच्या हाती निरोप देऊन मला बोलावलं आणि सगळं ओकून टाकलं. आबांनीच नूतनला वखारीत ढकलून कडी घातली होती. पाहुणे जाईपर्यंत तिचं तोंड बंद राहावं म्हणून. आत धूर आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण घटकाभरानं काढू असा हिशोब. नूतन दार ठोकत होती. मागच्या ओसरीत बसलेल्या बेबाबाईला ऐकू येत होतं. आबा दाराशी आले, कडीला हात घातला, तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली, आबा गेले. परत आले, तर आरती सुरू झाली, परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ठोकणं थांबलं होतं. त्यांनी दार उघडलं, आत बघितलं, दार ओढून पुन्हा कडी घातली, रांजणावर हात धुतले आणि रोटाच्या पंगतीला जाऊन बसले.

नूतन आतून काय म्हणत होती, तेही म्हातारीनं सांगितलं. "आबा, दार उघाडा. पोर एकली शे." शिव्या नाही, शाप नाही. पोर एकटी आहे, एवढंच, पुन्हा पुन्हा.

"मी बी उघाडं नही, माय," असं म्हणून बेबाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. मी तिला माफ केलं नाही. तसं म्हणून टाकलं असतं तर म्हातारीला बरं वाटलं असतं, पण माझ्या पोटात ते नव्हतं. त्याच आठवड्यात ती गेली.

पोलिसात गेले नाही असं नाही. गेले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि मेलेल्या म्हातारीची साक्ष धरता येत नाही, मॅडम, असं समजावलं. मी चहा पिऊन घरी आले आणि स्वप्नीलला फोन केला. त्याच्या चॅनलसाठी तोवर मी विनोदी प्रवेश लिहीत होते, नवरा-बायको, सासू-जावई असले. म्हटलं, विनोद पुरे झाले, आता लोकांना घाबरवू. अशी 'काळवखार' सुरू झाली. पहिले महिने एका बंद कापसाच्या जिनिंगच्या गोदामाला वखार म्हणून दाखवत होतो. उन्हाळ्यात मालकानं ते गोदाम परत मागितलं, आणि मी म्हटलं, खरी वखार चोपड्याकडे आहे.

स्वप्नीलला मी सगळं सांगितलं. त्याला अंधारात ठेवून हे काम करायचं नव्हतं. तो म्हणाला, हे अंगावर येईल. मी म्हटलं, येऊ दे, ज्याच्या अंगावर यायचं त्याच्या येऊ दे. मी चित्रीकरणाला येणार नाही, नाव कुठं लावणार नाही, कुणी विचारलं तर मंडळी मिळून लिहितात म्हणून सांग. आणि आबांना काम देऊ कर. ते नाही म्हणणार नाहीत.

नाही म्हणालेच नाहीत. नूतन गेल्यापासून ती वखार ओस पडली होती. आत बाई दार ठोकते, असं गावात बोलायचे. कुणी भाड्यानं घेईना, मजूर उंबरा ओलांडेना. आबांना वाटलं, टीव्हीवाले आले, दिवे लागले, पोरंबाळं आत-बाहेर करायला लागली की वखारीचा डाग धुऊन निघेल. त्यात चेहरा दाखवायची हौस. धोतर, जाकीट, पिळदार मिशा, बोलणं भारदस्त. त्यांना आम्ही घरातल्या थोरल्या काकांचं काम दिलं, हरवलेल्या सुनेला शोधणारा भला माणूस. आतल्या सुनेचं काम करणारी जागृती धुळ्याचीच, कॉलेजच्या नाटकांतून आलेली, आवाज असा की भिंतीला घाम फुटावा.

पहिले दोन शनिवार मी आबांना नुसतं अंगणात फिरवलं. लोकांना आवडले. तिसऱ्या शनिवारी लिहिलं: काका वखारीच्या दाराशी येतात, ठोकणं ऐकतात, कडीला हात घालतात, आणि फाटकात पाहुण्यांची जीप येते.

स्वप्नीलनं मला नंतर सांगितलं. आबांनी हात कडीपर्यंत नेला, जीपचा हॉर्न वाजला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की कॅमेरावाला पोरगा काय अभिनय आहे म्हणून टाळ्या वाजवायला लागला. आबा खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि विचारलं, हे कोण लिहितं? मंडळी, स्वप्नील म्हणाला. जीपच का, बैलगाडी का नाही? आबा, हल्ली बैलगाडीनं कोण येतं? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, पण खवखवलं तरी खाजवता येत नव्हतं. हा प्रसंग मी करणार नाही म्हणावं, तर का, ते सांगावं लागलं असतं.

तो भाग लागला आणि आबांना चोपड्याच्या बाजारात फिरणं अवघड झालं. भाजीवाली म्हणायची, आबा, तुमच्या हाताला काय लकवा भरला होता का, उघडायचं ना दार! शाळेची पोरं मागून ओरडायची, कडी काढा, आबा, कडी काढा! लोक हसून म्हणायचे, कौतुकानं म्हणायचे. घरी मी एकटी बसून ते सगळं स्वप्नीलच्या तोंडून ऐकायचे आणि मला जेवण गोड लागायचं. हो, लागायचं. सहा वर्षं मला ते लागलं नव्हतं.

पुढच्या भागात मी आरती टाकली. काका कडीला हात लावतात आणि देवघरात घंटा सुरू होते, घरचा कर्ता म्हणून त्यांना जावं लागतं. त्या दिवशी घंटा थांबली तरी आबांच्या हातातली कडी वाजत राहिली. प्रसंग संपल्यावर ते स्वप्नीलला केळीच्या बागेकडे घेऊन गेले आणि हात जोडले. भाऊ, आता बस झालं, आता माझ्या हातून दार उघडू दे. लोक मला खुनी समजायला लागलेत.

मी स्वप्नीलला म्हटलं, उघडू दे की. सांग त्यांना, पुढच्या वेळी तुमच्याच हातून उघडतंय.

आणि इथं आबांनी ती चूक केली जी मी त्यांच्याकडून करवून घेऊ शकले नसते. ते म्हणाले, मग कानबाईलाच करा. भाऊबंदकी जमलेली असते, खरी देवी बसलेली असते, बठ्ठ्यांना गर्दीत उभं करा, पैसा-अडका काही नको, आणि सगळ्यांसमोर मी दार उघडतो. त्यांना वाटलं असणार, ज्या दिवशी जे केलं त्याच दिवशी ते एकदा खोटं-खोटं का होईना पण उलटं करून टाकलं, की सुटलो. भाऊबंदांनी डोळ्यांनी बघितलं म्हणजे मग बाकीचं पुसलं जाईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, या चोराच्या मनात तर पौर्णिमाच होती.

मी त्यांना हवं तसंच लिहिलं. काका येतात, कडी काढतात, दार उघडतात, सून बाहेर येते. काकांच्या तोंडी एक शब्द वेडावाकडा घातला नाही. फक्त जागृतीला मी घरी बोलावलं आणि आतून काय म्हणायचं ते तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिनं का म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, मी करते, दीदी.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच गेले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, आवाजाचं यंत्र धरणाऱ्या पोरामागं उभी. अंगणात मांडव, पुढच्या खोलीत चौरंगावर कानबाई बसलेली, नथ, डोरलं, फुलांचे गजरे. चुलीवर पुरणाचा वास. भाऊबंद नवे कपडे घालून आलेले, टीव्हीत दिसायचं म्हणून बायकांनी ठेवणीतले दागिने घातलेले. कुळात सगळ्यांत थोरले हिलाल नाना बाजेवर मधोमध बसले होते. आणि ओट्यावर डिंपल होती, निळा फ्रॉक, मान तिरकी. माझ्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडे बघत होती.

दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर उरकू, असं ठरलं होतं. जागृती आत गेली. कडी खरीच घाला, खोटं दिसायला नको, हे आबांनीच सांगितलं. आत लोबानाचं घमेलं ठेवलं होतं, धूर दाराखालून यावा म्हणून. स्वप्नीलनं खूण केली आणि आबा निघाले. ऐटीत चालत होते. मिशांना तेल लावलं होतं.

दाराशी पोचले, हात वर केला, आणि आतून आवाज आला.

"आबा, दार उघाडा. पोर एकली शे."

आबांचा हात हवेतच राहिला. मालिकेत त्यांना कुणी आबा म्हणत नाही, काका म्हणतात. जागृतीनं दारावर थाप मारली आणि पुन्हा तेच म्हणाली. तोच लहेजा. नूतनच्या तोंडचे ते शब्द ऐकणारी माणसं दोनच, त्यातली एक मेलेली.

मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यासाठीच आले होते. रक्त उतरत गेलेलं मला दिसलं, ओठ हलायला लागलेले दिसले. कडी हाताएवढ्या अंतरावर होती आणि त्यांना ती काढता येईना. जागृती ठोकत होती, पोर एकली शे, पोर एकली शे, आणि आबा दाराशीच बोलायला लागले.

"मी उनू व्हतू, माय. मी तीनदाव उनू व्हतू. पाहुणा ई गयात. मंग आरती सुरू व्हयनी. माले काय माहीत तू मरी जाशी."

आलो होतो, तीनदा आलो होतो, असं ते त्या दाराला सांगत होते. सुरुवातीला लोकांना वाटलं हेही नाटकच. मग हिलाल नाना बाजेवरून उठले, काठी टेकत आले आणि आबांच्या पुढ्यात उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"चुडामण, तुले कव्हय माहीत पडनं? रविवारले का सोमवारले?"

आबांनी मान खाली घातली. "रविवारले. रोटना पहिले."

तेव्हा कुठं फुटलं. इतका गलका मी जन्मात ऐकला नाही. आणि कशाचा? नूतनचा नाही! सुतकाचा! सुतकात रोट खाऊ घातलास आम्हाला, प्रेत घरात ठेवून देवीची आरती केलीस, बठ्ठ्या कुळाला बाटवलंस. भाऊबंदांतले निंबाभाऊ छाती पिटून सांगत होते की त्या साली वादळानं माझीच बाग आडवी झाली ती उगाच नाही. कुणाच्या सुनेची कूस रिकामी होती, कुणाचा पोरगा परीक्षेत नापास होत होता, सगळ्यांना एकदम कारण सापडलं. आबांचे सख्खे चुलतभाऊ त्यांच्या अंगावर धावून गेले, कुणी टोपी उडवली, कुणी जाकीट फाडलं. बायका चौरंगाकडे धावल्या, देवी उचला, या घरात नको म्हणून. जो माणूस या चार लोकांत नाक वर करून बसता यावं म्हणून एक बाई मारून बसला, त्याला तेच लोक पायपुसण्यासारखं तुडवत होते. मला हे ठाऊक होतं. मी यासाठीच कानबाईचा दिवस जाऊ दिला नव्हता. बाईच्या जिवासाठी जे उठले नाहीत ते रोटासाठी उठतील, हा माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आणि मी स्कार्फच्या आत हसत होते.

हसताना मला ऐकू येत होतं, पण कानात शिरत नव्हतं. आत जागृती ठोकत होती. आता ती माझे शब्द म्हणत नव्हती. दीदी, उघडा, धूर झाला, स्वप्नील, अरे उघडा, असं ओरडत होती, मध्येच खोकत होती. स्वप्नील भांडण सोडवायला गर्दीत शिरला होता. कॅमेरावाला पोरगा कॅमेरा धरून उभा होता. बाकी बाप्ये सुतक किती पिढ्या लागतं याचा वाद घालत होते. आणि मी आबांच्या जाकिटाचा फाटलेला गळा बघत होते.

निळा फ्रॉक गर्दीच्या पायांतून निघाला. डिंपल दाराशी गेली, टाचा उंचावल्या, कडी काढली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. जागृती धुरासकट बाहेर येऊन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि खोकत राहिली. गलका हळूहळू बंद पडला. डिंपलनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मागं वळून आजोबांकडे बघितलं. ते मातीत बसले होते.

"आबा," ती म्हणाली, "कडी तं मना हातले बी लागस."

कडी तिच्याही हाताला पोचत होती, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भाऊबंदांच्या लाथांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. ते रडायला लागले, मोठ्यांदा, लाजलज्जा सोडून, आणि त्यांना उचलायला एकही जण पुढं झाला नाही. मीही नाही.

कानबाई हिलाल नानांच्या घरी गेली. निघताना नाना माझ्यापाशी थांबले, स्कार्फ असूनही त्यांनी मला ओळखलं होतं. पोरीला घेऊन जा, बाप सुरतचाच झालाय, इथं कुणी आडवं येणार नाही, एवढंच म्हणाले. पुढं पोलीस, वकील, जे व्हायचं ते चाललंय, आता साक्ष मेलेल्या म्हातारीची नाही, भाऊबंदकीची आणि कॅमेऱ्याची आहे. तो भाग आम्ही शनिवारी जसाच्या तसा दाखवला. एका जागी कात्री लावली. डिंपलचा चेहरा दाखवला नाही, फक्त कडीवरचा हात दाखवला.

त्या रविवारी संध्याकाळीच आम्ही चॅनलच्या गाडीतून निघालो होतो. जागृती पुढच्या सीटवर डोक्याला ओला रुमाल लावून बसली होती. मी तिची माफी मागितली, तिनं नुसता हात हलवला. अमळनेर मागं पडेपर्यंत डिंपल खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं.

"मावशी, ती म्हणत होती पोर एकटी आहे. आई तसंच म्हणायची का आतून?"

"हो. तसंच."

"म्हणजे ती माझ्याकडे यायला बघत होती."

मी हो म्हणाले. या वेळी तिला पटलं. थोड्या वेळानं ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि धुळे येईपर्यंत मी पाय हलवला नाही.